रिकामे रकाने

नॉर्वेच्या उत्तर टोकाला, जिथे हिवाळ्यात दोन-दोन महिने सूर्य दिसत नाही, तिथे थरच्या वाळवंटातलं एक झुडूप वाढतं, असं माझ्या नकाशाने मला एकदा दाखवलं. जैसलमेरचे अक्षांश साधारण 26.9 आणि रेखांश 70.9. एका ओळीत मी त्यांची अदलाबदल केली आणि झुडूप ध्रुववृत्ताच्या पलीकडे जाऊन पडलं. आणखी एक ठिपका आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, भर समुद्रात होता. त्या ओळीत माहिती नव्हती म्हणून मी शून्य टाकलं होतं, आणि शून्य अक्षांश-शून्य रेखांश ही जागा नेमकी तिथे येते.

दोन्ही चुका चहा पिता पिता सापडल्या, हसू आलं, दुरुस्त झाल्या. त्यांनी माझं काहीच बिघडवलं नाही. तोटा झाला तो एवढाच, की त्या सापडल्यावर मला वाटलं, झाला आता तक्ता स्वच्छ. खरं नुकसान केलं ते नकाशावर अगदी शोभून दिसणाऱ्या ठिपक्यांनी. ते सगळे मीच टाकलेले होते, विचार करून आणि चांगल्या हेतूने.

झुडपाचं शास्त्रीय नाव क्रोटालारिया बुऱ्हिया. मारवाडात त्याला सिणिया म्हणतात. आपल्याकडचा ताग आणि माळावरचा खुळखुळा यांचा हा वाळवंटी भाऊबंद, शेंगांच्या कुळातला. उंची गुडघ्याएवढी, फार तर कमरेएवढी. फांद्या ताठ आणि एकमेकींत गुंतलेल्या. पानं लहान, थोडी आणि लवकर गळणारी, त्यामुळे बरेचदा नुसता काड्यांचा जुडगा दिसतो. हिवाळ्यात पिवळी फुलं येतात, पाकळीवर तांबूस रेषा असतात. शेंग जेमतेम सेंटिमीटरभर, लवदार. सरकती वाळू धरून ठेवण्याचं काम हे झुडूप फार चांगलं करतं, म्हणून आम्हा शास्त्रवाल्यांना त्याचं कौतुक. गावातली माणसं त्याला ओळखतात ती छपरं शाकारण्यासाठी आणि दोर वळण्यासाठी.

मी एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी मला एका प्रकल्पातून थोडे पैसे मिळाले. काम असं होतं: जुन्या हर्बेरियम शीट्सवरून सिणिया कुठे-कुठे आणि केव्हा सापडला त्याचा तक्ता करायचा, नकाशा काढायचा, आणि पुढे उष्णता वाढली तर हे झुडूप कुठे सरकेल याचा संगणकाकडून अंदाज घ्यायचा. हर्बेरियम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. साधारण 42 बाय 28 सेंटिमीटरचा जाड कागद असतो. त्यावर दाबून वाळवलेली फांदी शिवलेली किंवा चिकटवलेली असते, उजव्या कोपऱ्यात लेबल असतं: नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा नंबर. सुटून पडलेल्या बिया, पाकळ्या, शेंगा ठेवायला कागदाची घडी घालून केलेलं लहानसं पाकीट चिकटवलेलं असतं. हे पाकीट लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

आता अशा बऱ्याच शीट्सचे फोटो घरबसल्या पडद्यावर दिसतात. त्यामुळे माझं बहुतेक काम स्वयंपाकघराच्या टेबलावर झालं. तक्त्यात ठरावीक रकाने होते: देश, राज्य, जिल्हा, गाव, अक्षांश, रेखांश, तारीख. रकाना रिकामा राहिला की संगणकाचा कार्यक्रम ती ओळ टाकून द्यायचा. आधीच नोंदी कमी. त्यातल्या निम्म्या टाकून दिल्या तर नकाशावर उरणार काय? म्हणून मी रकाने भरत गेले.

पहिली मोठी चूक मुंबईची. एकोणिसाव्या शतकातल्या काही लेबलांवर प्रांत म्हणून नुसतं ‘बॉम्बे’ होतं. मी ‘महाराष्ट्र’ लिहिलं. एका लेबलवर ‘हैदराबाद’ होतं. मी ‘तेलंगण’ लिहिलं, आणि दख्खनच्या पठाराचं हवामान तसं कोरडंच म्हणून मनातल्या मनात त्याला पाठिंबाही दिला. शाळेत इतिहास शिकलेल्या कोणालाही माहीत असतं की सिंध इंग्रजांनी 1843 मध्ये घेतला, चार वर्षांनी मुंबई इलाख्याला जोडला आणि 1936 पर्यंत तो मुंबई इलाख्यातच होता. सिंधमध्ये हैदराबाद आहे हेही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण ते इतिहासाच्या कप्प्यात होतं आणि मी वनस्पतिशास्त्राच्या कप्प्यात बसून काम करत होते. थिओडोर कुक, जे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, प्राचार्य होते, त्यांची मुंबई इलाख्याची फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींचा वर्णनकोश, 1901 पासून भागाभागाने निघाली. तीत कोकण, दख्खन, गुजरात यांच्या जोडीला सिंध प्रत्येक पानावर आहे. ते ग्रंथ मी विद्यार्थीदशेपासून हाताळत आले आहे. तरीही ‘बॉम्बे’ वाचलं की माझ्या डोळ्यांपुढे बोरीबंदर यायचं, कराची येत नव्हती.

त्याहून कठीण प्रकरण होतं छापील लेबलांचं. हूकर आणि थॉमसन यांनी आपल्या हिंदुस्थानी संग्रहाच्या प्रती युरोपभर वाटल्या तेव्हा निरनिराळ्या लोकांनी पाठवलेली झाडं एकाच ठशाच्या लेबलाखाली गेली. ‘मलबार, कोकण इत्यादी’ आणि खाली ‘स्टॉक्स, लॉ इत्यादी’ असा तो ठसा. ह्यातला स्टॉक्स कोकणात फिरला तसाच सिंध आणि बलुचिस्तानातही भरपूर फिरला होता. त्या ‘इत्यादी’मध्ये नेमकं काय-काय दडलंय हे लेबलवरून कळत नाही; ते जुनं दुखणं आहे आणि वर्गीकरण करणारा प्रत्येक जण त्यापासून सावध असतो. मी ‘कोकण’ हा शब्द पाहिला आणि रत्नागिरी जिल्ह्यात ठिपका दिला. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात, वाळूच्या टेकड्यांवरचं झुडूप. एवढं करूनही मला शंका आली नाही. उलट आनंद झाला. आपल्या राज्यात एक नवं झाड सापडल्यासारखं वाटलं.

आणि त्या आनंदात मी प्रकल्पाच्या पहिल्या लेखात एक वाक्य घातलं: ‘ही जाती महाराष्ट्रातही आढळते.’ ती जाती महाराष्ट्रात कुठेच नसेल असा माझा दावा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. मुद्दा एवढाच की माझ्याजवळ त्या वाक्याला आधार देणारं एकही शीट नव्हतं. होते ते माझे स्वतःचे भरलेले रकाने. ह्या वाक्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते.

तारखांचे घोटाळे थोडक्यात सांगून टाकते, कारण ते करताना मला फारशी अक्कल खर्च करावी लागली नाही. जुने लोक महिना रोमन आकड्यांत लिहायचे, दिवस साध्या आकड्यांत. ती पद्धत अतिशय शहाणपणाची आहे, त्यात दिवस-महिन्याची गल्लत होऊच शकत नाही. ती गल्लत मी रोमन आकडा साध्या आकड्यात बदलून करून दाखवली आणि फुलांच्या हंगामाचा जो आलेख काढला त्यात सिणिया बारमाही फुलू लागला. दुसरी गंमत एक्सेलची. एक्सेलच्या दिनदर्शिकेची सुरुवात 1900 सालापासून होते. त्याआधीची तारीख टाकली तर तो तिला तारीख मानतच नाही, नुसती अक्षरं समजतो. तक्ता वर्षांप्रमाणे लावताना एकोणिसाव्या शतकातली सगळी शीट्स खाली जाऊन पडली आणि आलेखात आलीच नाहीत. मी लेखाच्या कच्च्या मसुद्यात ‘पहिल्या नोंदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या’ असं लिहून मोकळी झाले. ह्या झुडपाचं शास्त्रीय वर्णन बेंथमने प्रसिद्ध केलं 1843 मध्ये. म्हणजे नाव आधी ठेवलं आणि झाड साठ वर्षांनी सापडलं!

तारखांमधली एक चूक मात्र गंभीर होती. शीटवर मूळ लेबलाखेरीज ओळखचिठ्ठ्या असतात. नंतरच्या काळात कोणी अभ्यासकाने ती फांदी तपासली, की तो आपलं मत एका लहान चिठ्ठीवर लिहितो, सही करतो, तारीख घालतो आणि चिठ्ठी चिकटवतो. बिकानेर संस्थानाच्या उत्तर भागातल्या एका शीटवर मूळ लेबल पुसट झालेलं होतं आणि ओळखचिठ्ठी ठसठशीत टंकलिखित, 1974 सालची. मी 1974 हेच गोळा केल्याचं वर्ष धरलं. तो भाग आज इंदिरा गांधी कालव्याच्या भिजवणीत येतो. कालव्याचं काम 1958 मध्ये सुरू झालं. पंजाबातल्या हरिके इथून, सतलज आणि बियासच्या संगमाजवळून, ते पाणी वाळवंटात आलं आणि टेकड्या सपाट होऊन तिथे गहू, मोहरी, कापूस उभा राहिला. माझ्या तक्त्यानुसार पाणी आल्यानंतरही सिणिया तिथे टिकून होता. त्यावर मी एक अख्खा परिच्छेद लिहिला: बदलत्या जमिनीशी जुळवून घेण्याची ह्या झुडपाची क्षमता वगैरे. पुढे कधीतरी फोटो मोठा करून पुसट लेबल वाचलं तर साल पहिल्या महायुद्धाच्या आधीचं. तेव्हा तिथे ना कालवा होता, ना गहू. जुळवून घेतलं होतं ते मी, झुडपाने नव्हे.

आता जोधपूर. अनेक लेबलांवर ठिकाण म्हणून ‘जोधपूर’ एवढंच असतं. संगणकाला अक्षांश-रेखांश हवे असतात, म्हणून मी शहराचे टाकले, तेही दशांशानंतर पाच आकड्यांपर्यंत, 26.23894 असे. पाचवा दशांश म्हणजे जमिनीवर जेमतेम एक मीटर. पण जुन्या लेबलवरचं ‘जोधपूर’ हे शहर असेल किंवा संस्थान असेल, आणि जोधपूर संस्थान म्हणजे सुमारे नव्वद हजार चौरस किलोमीटर. एवढ्या पसाऱ्याला मी एका सतरंजीएवढ्या जागेवर आणून बसवलं. नकाशावर ते दिसत नाही. तिथे सगळे ठिपके सारखेच ठाम दिसतात. त्याचा परिणाम असा की संगणकाने गृहीत धरलं, ह्या झुडपाला जोधपूर शहराचं हवामान फार आवडतं. जोधपूरला वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जैसलमेरला दोनशेच्याही आत. त्यामुळे अंदाजात झुडपाची खरी कोरडी हद्द आक्रसली आणि पूर्वेकडचा तुलनेने ओला भाग फुगला. भर म्हणून एकाच फांदीचे तुकडे निरनिराळ्या हर्बेरियमना पाठवलेले असतात. कोलकात्यात, डेहराडूनला, लंडनच्या क्यूमध्ये. गोळा करणारा तोच, नंबर तोच, दिवस तोच. मी त्या सगळ्यांना स्वतंत्र झाडं मानलं. म्हणजे जोधपूरच्या एकाच झुडपाने बऱ्याच वेळा मतदान केलं.

एका लेबलवर रोमन लिपीत तीनच अक्षरं होती, ‘बाप’. मला वाटलं, पुढची अक्षरं फाटून गेली असावीत. शोधखिडकीत ती तीन अक्षरं टाकली, तिने ‘बापटला’ सुचवलं, मी स्वीकारलं. आंध्रच्या किनाऱ्यावर, बंगालच्या उपसागराकाठी वाळू आहेच की! बाप हे फलोदीजवळचं गाव आहे. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात तिथल्या प्राचीन हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या थराचं नाव त्याच गावावरून पडलंय. आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर ब्लॅटर आणि हॉलबर्ग 1917 मध्ये जोधपूर-जैसलमेरच्या वाळवंटात हिंडले, त्यावर त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात 1918 पासून भारतीय वाळवंटाची फ्लोरा क्रमशः लिहिली, तीतही हे गाव येतं. ती लेखमाला माझ्या संगणकात होती. मी तिच्यातला सिणियाचा उतारा वाचला होता, गावांची नावं वगळून. गावांची नावं कोण वाचतं?

ही चूक मला एका निवृत्त सरांनी दाखवली. मी त्यांच्याकडे नकाशा घेऊन गेले होते ते खरं म्हणजे शाबासकीसाठी. त्यांनी चष्मा वर सारला, बापटलाच्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे शीट तुम्ही पाहिलंत?”

“हो सर. फोटो पाहिला.”

“फोटो पाहिलात. शीट नाही पाहिलं.” मग थोडं थांबून म्हणाले, “आणि वरचं ते जैसलमेरकडचं, बिनफुलांचं, ते कशावरून सिणिया?”

ते कशावरून सिणिया, हे मी त्यांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्या शीटवर शास्त्रीय नावच नव्हतं. नुसत्या काड्या होत्या, फूल नाही, पान नाही. पण गोळा करणाऱ्याने स्थानिक नाव लिहून ठेवलं होतं: खीप. मी जुने कोश धुंडाळले. पंजाब आणि सिंधकडच्या नोंदींत क्रोटालारिया बुऱ्हियाच्या नावांची लांबलचक यादी मिळाली आणि तीत खीप होतं, बुई होतं, सिस होतं. झालं की सिद्ध! मी तक्त्यात नाव भरलं आणि त्याच रीतीने आणखी काही बेनाव शीट्सही मार्गी लावली. सरांनी एवढंच म्हटलं, की एकदा तिकडे जाऊन या आणि ते शीटही प्रत्यक्ष उघडून बघा.

आधी गेले पोकरणच्या बाजूला. हिवाळा होता. एका ढाणीजवळ, म्हणजे लहानशा वस्तीजवळ, म्हातारे गृहस्थ शेळ्या राखत बसले होते, त्यांना मी काकोसा म्हणून नमस्कार केला आणि समोरच्या हिरव्या काड्यांच्या जुडग्याकडे बोट दाखवून विचारलं, हा सिणिया ना? त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी परीक्षेत कडधान्य आणि तृणधान्य यांत गोंधळ घालणाऱ्या पोरांकडे टाकत असते. “ओ सिणियो कोनी, खींप है.” मग उठून त्यांनी दहा पावलांवरचं दुसरं झुडूप दाखवलं. तो सिणिया. मला लांबून दोन्ही सारखेच वाटत होते. जवळून काहीच सारखं नव्हतं. खींपेच्या काड्या हिरव्या, गुळगुळीत, वेताच्या छड्यांसारख्या वर गेलेल्या. सिणिया राखाडी, केसाळ, गुंतागुंतीचा, आणि वाकून पाहिलं तर त्यात बारीक पिवळी फुलं. काकोसांनी बुईही दाखवली, पांढऱ्या कापसासारख्या तुऱ्यांची. तिचा आणि शेंगांच्या कुळाचा दूरदूरचा संबंध नाही. मारवाडात खींप म्हणजे लेप्टाडेनिया पायरोटेक्निका, रुईच्या कुळातली. बुई म्हणजे एर्वा, राजगिऱ्याच्या कुळातली. पंजाबातल्या कोणी दीडशे वर्षांपूर्वी सिणियाला त्याच नावांनी हाक मारली असेल, त्याच्या गावात ते बरोबरही असेल. एका प्रांताची हाक मी दुसऱ्या प्रांतातल्या झाडाला लावली होती.

मग ते शीट पाहायला गेले. संग्रहालयात कपाट उघडलं की नॅप्थलीनचा वास डोक्यात जातो, त्याची मला सवय आहे. तिथल्या माउंटिंग करणाऱ्या ताईंनी शीट दोन्ही हातांवर तोलून टेबलावर ठेवलं. फोटोत दिसलं होतं तेच: काड्या, लेबल, आणि डाव्या बाजूला कागदाचं मिटलेलं पाकीट. फोटोत पाकीट हा एक फिकट चौकोन असतो. माझी नजर त्यावरून शेकडो वेळा गेली असेल. ताईंनी विचारलं, “मॅडम, पाकीट उघडू का?” त्यांनी चिमट्याने घडी उकलली आणि आतून दोन-तीन चपट्या बिया निघाल्या. प्रत्येक बीच्या टोकाला रेशमासारख्या पांढऱ्या तंतूंचा झुबका. मी श्वास सोडला तसा एक झुबका हलला आणि ताईंनी पटकन वर तळहात धरला.

ज्याला बारावीचं वनस्पतिशास्त्र आठवतं त्यालाही पुढचं सांगायला नको. रुईची म्हातारी आपण लहानपणी फुंकरीने उडवलेली असते. शेंगांच्या कुळातल्या बीला असा झुबका नसतो. ती खींप होती, लेबलवाल्याने खीपच लिहिलं होतं, आणि पुरावा म्हणून बिया जपून पाकिटात ठेवल्या होत्या. त्या माणसाने आपलं काम पुरं केलं होतं. शंभर वर्षांनी कोणी घडी उलगडेल एवढीच त्याची अपेक्षा असणार. मी उलगडली नाही आणि वर त्याला चुकीच्या कुळात घातलं.

त्याच दिवशी मी बाकीची ‘मार्गी लावलेली’ शीट्सही मागवली. सगळीच चूक निघाली असती तर गोष्ट सोपी होती. काही सिणियाच होती. काहींवर काड्यांखेरीज खरंच काही नव्हतं, तिथे नाव न देणं हेच बरोबर होतं. आणि एक शीट पाहून मी बराच वेळ काही बोलले नाही, कारण त्याच्या लेबलवरचं अक्षर माझं होतं.

एम.एस्सी.ला असताना आमची सहल राजस्थानात गेली होती. मी गोळा केलेला सिणिया. ओळख बरोबर होती, नशीब. बाकी लेबल असं: ‘जैसलमेर. वाळू. झुडूप.’ सिणिया वाळूत उगवतो आणि झुडूप असतो, हे माझ्या लेबलाशिवायही जगाला माहीत होतं. फुलांचा रंग लिहिलेला नव्हता, आणि वाळल्यावर पिवळ्याचा तपकिरी झालेला होता. आजूबाजूला कोणती झाडं होती, उतार कोणत्या दिशेचा, रस्त्यापासून किती दूर, काही नाही. ‘जैसलमेर’ म्हणजे शहर की जिल्हा? मलाच आठवेना. संध्याकाळी धर्मशाळेत बसून सगळी लेबलं एकदम लिहिण्याची आमची पद्धत होती, दिवसभर आम्ही बसच्या खिडकीतून हात बाहेर काढून गाणी म्हणत होतो. फिल्ड नोटबुकात त्या नंबरासमोर भलत्याच गवताचं नाव आहे, म्हणजे नंबरही चुकलेला. गेली दोन वर्षं मी एकोणिसाव्या शतकातल्या घोड्यावर-उंटावर फिरणाऱ्या लोकांना ‘एवढी आळशी लेबलं कशी लिहिली’ म्हणून नावं ठेवत होते. त्यांच्याकडे निदान जीपीएस नव्हतं आणि ताप होता. माझ्याकडे बस होती. ह्या शीटलाही मी तक्त्यात अक्षांश-रेखांश दिले होते, हे सांगायला हवं; पाच दशांशांपर्यंत.

हर्बेरियमचा एक रिवाज मला तेव्हा नव्याने पटला. जुनी ओळख चुकीची ठरली तरी तिची चिठ्ठी कोणी फाडत नाही. नवी चिठ्ठी शेजारी चिकटवतात. कागदावर चार-चार पिढ्यांची मतं एकाखाली एक दिसतात, त्यातली तीन चुकीची असतात, आणि ती कुणाची चूक, कोणत्या साली, हेही तिथे सहीनिशी असतं. माझ्या तक्त्यात असं काही नव्हतं. ‘बॉम्बे’च्या जागी ‘महाराष्ट्र’ लिहिलं की ‘बॉम्बे’ गेलं. पुढे तक्ता घेणाऱ्याला कळायला मार्गच नाही की हा शब्द लेबलवरचा आहे की स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा. मी चुका केल्या याची मला आता तितकीशी लाज वाटत नाही. खुणा पुसल्या याची वाटते. संगणकाच्या नावाने खडे फोडणारी मंडळी ह्यावर खूश होतील, पण दोष यंत्राचा नव्हता. मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवायला एक जादा रकाना लागतो, बस.

तो रकाना आता आहे. त्यात लेबल जसं आहे तसं, चुकांसकट उतरवलंय. ठिकाणाच्या पुढे आणखी एक आकडा आहे: माझ्या अंदाजात किती किलोमीटरची चूक असू शकते. नुसत्या ‘जोधपूर’पुढे तो आकडा इतका मोठा येतो की संगणकाने ती ओळ वगळावी, आणि वगळतो. मोकळ्या जागा खूप आहेत. एकाच फांदीचे तुकडे एकत्र केले, फोटोतली पाकिटं जिथे जाऊन उघडता आली तिथे उघडली. नकाशावर पूर्वीपेक्षा बरेच कमी ठिपके उरले आणि भविष्याचा अंदाज सांगण्याइतका तो मजबूत नाही. प्रकल्पाच्या अंतिम अहवालात मी तसं लिहिलं. समितीतल्या एकाने विचारलं, मग निष्पत्ती काय? मी तक्ता दाखवला. त्यांनी ‘एवढंच?’ असं म्हटलं नाही, पण चेहरा तोच होता.

माझ्या सहलीतल्या शीटवर मी ओळखचिठ्ठी लावली: ‘ठिकाण जैसलमेर शहर की जिल्हा हे गोळा करणारीला सांगता येत नाही. नंबर नोटबुकाशी जुळत नाही.’ खाली सही. ताई म्हणाल्या, स्वतःच्याच शीटवर अशी चिठ्ठी लावणारं पहिल्यांदाच पाहिलं.

राहिलं ते ‘महाराष्ट्रातही आढळते’ हे वाक्य. लेख छापून झाला होता. संपादकांना पत्र पाठवून मी शुद्धिपत्र छापून घेतलं, शेवटच्या पानावर, बारीक टायपात. शुद्धिपत्र कोणी वाचत नाही, म्हणून ज्यांनी-ज्यांनी माझा लेख आधार म्हणून दिला होता त्यांना शोधून पत्रं लिहिली. बहुतेकांनी आभार मानले आणि ओळ काढली. एका जिल्हावार वनस्पतियादीच्या कर्त्यांनी उलट विचारलं, मग महाराष्ट्रासाठी आता कोणतं शीट द्यायचं? मी कळवलं की कोणतंच नाही, माझ्याकडे पुरावा नाही, नोंद वगळावी ही विनंती. गेल्या वर्षी त्या यादीची नवी आवृत्ती आली. सिणियापुढे महाराष्ट्र अजून आहे. आधार म्हणून माझा लेख मात्र काढून टाकलाय. त्या जागी माझं नाव आहे आणि पुढे कंसात ‘वैयक्तिक पत्रव्यवहार’.